टाचेतले चार थेंब

बाळंतिणीच्या वॉर्डात सव्वीस वर्षं काढली की माणसाचा आवाज मोठा होतो. माझा जरा जास्तच झाला आहे. आमचं प्रसूतिगृह लहानसं, पण माझं भाषण शहरातल्या छावणी भागापासून बाहेरच्या वाळूजपर्यंतच्या लेकीसुनांना तोंडपाठ आहे. सहा महिने फक्त आईचं दूध. घुटी नाही, मध नाही, पाणीसुद्धा नाही. दर दोन तासांनी पाजायचं, झोपलं असलं तरी उठवून पाजायचं.

माझं दुसरं काम सुईचं. बाळ दोन दिवसांचं झालं की टाचेला बारीक टोचायचं आणि जाड कागदाच्या कार्डावरच्या चार गोलांत रक्ताचे चार थेंब भरायचे. कार्ड वाळलं की लॅबला जातं. एखादं बाळ दिसायला धडधाकट असतं, पण खाल्लेलं पचवायची एखादी सोयच त्याच्या शरीरात जन्मतः नसते. ते वेळेत कळावं म्हणून हे थेंब. लवकर वाळावं म्हणून कोणी कार्ड उन्हात ठेवलं की माझा पारा चढतो. बाकीच्या सिस्टर म्हणतात, हिला लेकरापेक्षा कागदाची काळजी. म्हणू देत.

चार वर्षांपूर्वी छावणीतल्या एका खालांची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि आमच्याकडे बाळंत झाली. मुलगी झाली. खाला, म्हणजे मावशी, असंच त्यांना सगळे म्हणतात. त्या शिवणकाम करायच्या. माझे ब्लाउज त्याच शिवायच्या, त्यामुळे ओळख जुनी. नातीला पहिलं बोट मधाचं चाटवायचं, ही त्यांच्या घरची रीत. त्या छोटीशी बाटली घेऊनच आल्या होत्या. मी ती काढून घेतली आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं भाषण ठोकलं. खालांनी मला माप घेतल्यासारखं वरपासून खालपर्यंत पाहिलं. पुढचा ब्लाउज तंग येणार, एवढं मी समजून गेले.

टाच टोचायच्या वेळी मात्र त्या आडव्या आल्या.

"इत्तीसी बच्ची है सिस्टर, अच्छी-भली है. कायको टोचताय?"

"चांगली आहे म्हणूनच टोचतेय, खाला. आजारी पडल्यावर टोचून काय उपेग?"

त्यांनी तोंड फिरवलं. मी चारही गोल भरले. दुसऱ्या दिवशी मायलेकी घरी गेल्या.

बाळ सहा दिवसांचं असताना सकाळीच लॅबचा फोन आला. दुधातली साखर ह्या बाळाला पचत नसावी, असा संशय होता. ती साठत गेली तर लिव्हर जातं, डोळे जातात, जीवही जातो. दूध ताबडतोब बंद, आईचंसुद्धा, आणि बाळाला आणून पक्की तपासणी करायची. फाइलवर एकच नंबर होता, खालांच्या जावयाचा. जावई वाळूजला पहिल्या शिफ्टला, आणि त्यांच्या कंपनीत फोन गेटवरच जमा करतात. मी डॉक्टरबाईंना सांगितलं आणि स्कूटी काढली.

खालांचं दार उघडंच होतं. लेक भिंतीला टेकून बसली होती. बाळ खालांच्या मांडीवर होतं, पिवळं पडलेलं, मान टाकलेलं. शिवणयंत्रामागच्या कपाटाच्या दारावर खडूच्या रेघाच रेघा होत्या.

"बरं झालं आलात," खाला म्हणाल्या. "कालसे पीती नै, उलटी करती. पर मैं बोली, सिस्टरने दो घंटे बोले तो दो घंटे. वाटीत काढून चमच्यानं पाजतो. देखो, एक बी टाइम चुकवला नाय."

त्यांनी कपाटाकडे बोट दाखवलं. एक रेघ म्हणजे एका वेळचं दूध.

माझा शब्द ह्या घरात जितका पाळला गेला, तितका माझ्या स्वतःच्या सुनेनंही पाळला नव्हता. आणि त्या शब्दापायी पोर मरणाला टेकली होती.

"खाला, दूध बंद करा. आत्ताच्या आत्ता. हिला दूध चालत नाय. गाईचं नाय, म्हशीचं नाय, आईचंबी नाय. टाचेच्या रक्तात निघालंय."

"तुमीच बोले थे!" खालांचा आवाज चिरकला. "मेरी शहद की शीशी छीन ली, सारे वॉर्ड के सामने. अब बोलते मां का दूध नक्को?"

"व्हय, मीच बोलले. शंभर लेकरांना तेच बरोबर आहे. हिला नाय."

"पक्का मालूम?"

इथं खोटं बोलणं सोपं होतं. "नाय," मी म्हणाले. "पक्कं दुसऱ्या तपासणीत कळंल. पण तोवर एक चमचासुद्धा द्यायचा नाय. माझी चूक निघाली तर सगळ्या वॉर्डासमोर मला बोला."

त्यांनी माझ्या डोळ्यांत रोखून पाहिलं. मला खाली बघावंसं वाटलं, पण बघितलं नाही. मग बाळाला माझ्या हातात देऊन त्या उठल्या, यंत्रावरचा खडू घेतला आणि सगळ्या रेघांखाली एक लांब आडवी रेघ मारली. लेकीला म्हणाल्या, "चल, उठ. बुरखा डाल."

पक्की तपासणीही तेच सांगून गेली. सोयाबीनच्या पावडरीचं दूध सुरू झालं, आणि तिसऱ्या दिवशी पोरीनं डोळे टकटकीत उघडून वाटी संपवली. मी आनंदानं रडले, लपवून नाही. लेकीचा पान्हा मात्र आटायला तयार नव्हता. कपडे भिजायचे आणि ती भिंतीकडे तोंड करून पडायची. तिला द्यायला माझ्याकडे कुठलंही भाषण नव्हतं. मी नुसती शेजारी बसायचे.

पोर आता चार वर्षांची आहे आणि तोंडाचा पट्टा आजीवर गेला आहे. गुलमंडीच्या बाजारात बिस्किटाचा पुडा घेताना खाला दुकानदाराला त्याची मागची बाजू वाचायला लावतात. दुधाचं नाव आलं की पुडा परत. ईदला नातीचा शीरखुर्मा वेगळ्या पातेल्यात, नारळाच्या दुधात होतो. गेल्या वर्षीपासून त्या मला त्याच पातेल्यातला डबा पाठवतात.

मागच्या महिन्यात खालांच्या शेजारणीची सून आमच्याकडे बाळंत झाली, तेव्हा दोन दिवसांनी खाला नातीला घेऊन बघायला आल्या. माझं भाषण चालू होतं, आवाज नेहमीएवढाच. ते आजही खरंच आहे. भाषण झाल्यावर मी कार्ड काढलं, तशी शेजारीण मध्ये आली.

"चांगलं टुणटुणीत पोरगं आहे. त्याला कशाला टोचायचं?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात खालांनी हातानंच मला थांबवलं. नातीला पुढं केलं आणि म्हणाल्या, "दिखा."

पोरीनं भिंतीला हात टेकून चप्पल काढली आणि पाय मागं वळवून टाच वर केली. खेळून खेळून काळी झालेली टाच. शेजारणीनं वाकून नीट पाहिलं. टोचल्याची खूण कुठंच नव्हती.

"घ्या सिस्टर," शेजारीण म्हणाली आणि बाजूला झाली.