पद्माकरने भिजवलेला साबुदाणा

टॅम्पिनीसच्या नवव्या मजल्यावर राहणारा पद्माकर बर्फ उडवायची यंत्रं बनवायचा. त्याने आयुष्यात पाहिलेला सगळा बर्फ फ्रीजमधला, नाहीतर उसाच्या रसातला. पण बारा महिने घाम गाळणाऱ्या सिंगापुरात हे त्याला कोणी विचारलं नाही, आणि त्यानेही आपणहून सांगितलं नाही.

यंत्राच्या पोटात पात्यांचं एक चाक असतं, इंपेलर. ते आत आलेला बर्फ गरगरवून नळकांड्यातून लांब भिरकावतं. पद्माकरने त्याची चाचणी भिजवलेल्या साबुदाण्यावर घेतली होती. साबुदाणा भिजवला होता त्याच्या बायकोने, वल्लरीने. दाणे तीस फूट उडाले. यंत्र दिमाखात जपानला गेलं आणि तिथल्या ओल्या बर्फात गच्च तुंबलं. साहेबांनी महिन्याची मुदत दिली. नाही जमलं तर काम बंद, आणि पद्माकर परत पंप विभागात, जिथून सुटायला त्याला आठ वर्षं लागली होती.

तीन आठवडे त्याने पात्यांचे कोन बदलले, वेग वाढवला. साबुदाणा दर वेळी जास्तच आनंदाने उडाला.

मग चतुर्थी आली. वल्लरी नोव्हेना भागातल्या इस्पितळात ड्यूटीवर, म्हणून खिचडीचा साबुदाणा पद्माकरने भिजवला. वाटीभर दाण्यांना चार वाट्या पाणी. घरी येऊन तिने झाकण उचललं.

"पद्या, खळ कशाला केलीस? पोस्टर चिकटवायचीत?"

तो ओशाळून म्हणाला, तुझ्यासारखा मोकळा होत नाही.

"वीस वर्षांचा हात आहे माझा. माझा दाणा दाण्याला चिकटत नाही."

पद्माकर पातेल्याकडे बघतच राहिला. जपानचा ओला बर्फही असाच एकमेकांना चिकटत असणार.

सकाळी तो ती खळ डब्यात भरून एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत, चढला. गाडीत उग्र वासाचं ड्युरियन फळ न्यायला बंदी असते. साबुदाण्याबद्दल पाटीवर काही नव्हतं. यंत्र पहिल्या घासालाच तुंबलं आणि पद्माकरला इतका आनंद झाला की शेजारचा वेल्डर काळजीने बघायला आला. टॉर्च मारून पाहिलं तर पात्यांची टोकं आणि बाहेरचं कवच यांत बोटभर फट. चिकट माल पुढे उडण्याऐवजी त्या फटीतून मागे घसरून थिजत होता. त्याने पात्यांच्या टोकांना रबराच्या पट्ट्या बसवल्या, कवचाला जेमतेम घासतील अशा. पुढचा गोळा थेट समोरच्या भिंतीवर बसला.

मुदत संपायच्या आत पट्ट्या जपानला रवाना झाल्या आणि पंधरवड्याने तिथून व्हिडिओ आला. ओला बर्फ कुंपण ओलांडून जात होता.

घरी साबुदाण्याच्या पातेल्याला हात लावायची पद्माकरला अजून बंदी आहे. कारखान्यात मात्र तो दुसऱ्या कोणाला भिजवू देत नाही.