धाकटीनं उचललेला भंडारा

दमा आमच्या घरात आजोबांपासून आहे. मला तो बाराव्या वर्षी लागला, माझ्या धाकट्या बहिणीला पहिल्या बाळंतपणानंतर. मी चकलांब्यात आशा सेविका म्हणून काम करते. घरोघर फिरून माणसांना औषधं वेळेवर घ्यायला लावणं हेच माझं काम, आणि माझी जीभ तिखट आहे हे गावाला ठाऊक आहे. स्टेरॉइडचा पंप सुरू झाल्यावर महिनाभरात मी न थांबता टेकाड चढू लागले होते. त्यामुळे धाकटीला तोच पंप मिळाला तेव्हा मी निर्धास्त झाले. एका आईच्या दोघी, एकच दुखणं, एकच औषध. गुण यायलाच हवा होता.

तो आला नाही. दोन वर्षं झाली तरी शेळ्यांमागं शंभर पावलं टाकली की तिची छाती वाजायची. मधूनमधून स्टेरॉइडच्या गोळ्या व्हायच्या, तोंड सुजायचं, दमा होता तिथंच. ही पंप ओढतच नाही, असं मी ठरवून टाकलं आणि प्रत्येक डॉक्टरला तसंच सांगत आले. पंपात फोडून पावडर ओढायच्या त्या महिन्याच्या रिकाम्या कॅप्सूल तिनं डब्यात साठवून माझ्यापुढं ठेवल्या. पावडर उकिरड्यावर झटकायला काय लागतं, असं मी तिला तोंडावर विचारलं. काळजी होतीच, पण राग जास्त होता. बाया म्हणायच्या, हिच्या सख्ख्या बहिणीला गुण नाही आणि ही निघाली गावाला शहाणपण शिकवायला. ते मला फार झोंबायचं.

आम्ही धनगर. आमच्यात खरंखोटं करायचं असलं की खंडोबाचा भंडारा उचलायला लावतात. खोटं बोलणाऱ्याला देव पाच दिवसांच्या आत दाखवतो, असं जुनी माणसं मानतात. एका रविवारी मी मायच्या देखत हळदीची वाटी धाकटीपुढं सरकवली. मीटिंगांना जाणारी, रजिस्टरं भरणारी बाई मी, तरी सरकवली. तिनं मुठीत भंडारा धरला, एकही दिवस चुकवला नाही म्हणाली, बोट कपाळाला लावलं आणि शेळ्या सोडायला निघून गेली.

चौथ्या दिवशी भर दुपारी तिचा नवरा धावत मला बोलवायला आला. ती ओट्यावर गुडघ्यांवर हात रोवून बसली होती. मानेच्या शिरा ताणलेल्या, ओठ काळेनिळे. एक शब्द पुरा निघत नव्हता. दम लागल्यावर घ्यायचा दुसरा पंप मी चार वेळा दिला, फरक पडेना. शेजाऱ्याच्या जीपमध्ये घातलं. गेवराई येईपर्यंतचा तो रस्ता मला अजून खड्ड्यांनिशी पाठ आहे.

जीपमध्ये माय तिचे हात धरून विनवायला लागली. "कबूल कर बाई. लबाड बोलली आसशील तर कबूल कर, देव माफ करंल."

धाकटीनं माझ्याकडं बघितलं. मीही वाट बघत होते. तिनं हो म्हणून मान हलवली.

सांगायला लाज वाटते. मी घाबरले होते, पण त्याच वेळी आत कुठंतरी बरंही वाटलं. माझं खरं निघालं होतं.

गेवराईत ऑक्सिजन लावून तिला बीडला हलवलं. तिसऱ्या दिवशी ती धोक्याबाहेर आली, तेव्हा छातीच्या डॉक्टरीणबाईंना मी सगळी हकिकत सांगितली, तिच्या कबुलीसकट. त्यांनी धाकटीला समोर एक कॅप्सूल ओढायला लावली. तिनं ती माझ्यापेक्षा नीट ओढली. मग त्यांनी मला बाहेर नेऊन समजावलं. सख्ख्या बहिणी झाल्या तरी आईबापांकडून दोघींना सगळी जनुकं तीच येत नाहीत. त्यातल्या बारीक फरकांमुळंही काहींच्या छातीतली सूज स्टेरॉइडनं हवी तशी उतरत नाही. हिच्यात नेमका कोणता फरक आहे ते सांगणारी तपासणी आपल्याकडं सर्रास होत नाही, पण रोज औषध घेऊनही गुण न येणारी माणसं त्यांनी पाहिली होती. आता पंपाच्या जोडीला वेगळ्या जातीचं औषध द्यायचं होतं.

"ही घेत नाही, असं तुम्ही सांगत राहिलात," त्या म्हणाल्या, "म्हणून दोन वर्षांत कुणी दुसरं औषध देऊन बघितलंच नाही."

मी खाटेपाशी जाऊन बसले. माफी मागायची होती, पण मला नेहमीप्रमाणं प्रश्नच सुचला. घेत होतीस तर जीपमध्ये हो कावून म्हणलीस, असं मी विचारलं.

तिनं दोनदा श्वास घेतला, मग बोलली.

"न्हाई म्हणले आस्ते, तर तू आजून इचारलं आस्तंस, अक्का. तेवढा श्वास न्हवता माझ्याकडं."