मारुतीपुढे वाटलेली लाज

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असे कोणी विचारले तर मी नसीमखालांचे नाव सांगतो. आईवडिलांचे उपकार मोजायचे नसतात, म्हणून ते सोडून. नसीमखाला म्हणजे शहरात गुलमंडीत बांगड्यांचे दुकान असलेल्या एक वयस्कर बाई. आमची भेट एका तपासणी केंद्राच्या बाकावर झाली आणि जेमतेम अर्धा तास टिकली. त्या अर्ध्या तासात जे मिळाले त्याला काय म्हणायचे, हे मी वाचकांवर सोपवतो. मी फक्त घडले तसे लिहितो.

मी कन्नड तालुक्यातल्या पिशोरचा. आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेला मी पहिलाच. अकरावीला शहरात आलो, औरंगपुऱ्यात खोली करून राहिलो आणि त्याच वर्षी मला टीबी झाला. आईने मला घरी नेले, एकही गोळी चुकू दिली नाही आणि खुलताबादच्या भद्रा मारुतीला पायी जायचा नवस बोलली. मी बरा झालो. आई म्हणायची, मारुतीने बरे केले. मी म्हणायचो, गोळ्यांनी. हा वाद आमच्यात वर्षानुवर्षे हसतखेळत चालला. आजाराचे नाव मात्र घरात कोणी घेत नसे. बहिणीचे लग्न व्हायचे होते, त्यामुळे पाहुण्यांत त्याला ‘छातीचं दुखणं’ एवढेच म्हटले जायचे.

पुढे इंजिनिअर झालो, वाळूजला यंत्रांच्या देखभालीचे काम केले आणि न्यूझीलंडच्या एका कारखान्यात नोकरी मिळाली. व्हिसाच्या आरोग्य अर्जात सरळ प्रश्न होता: तुम्हाला कधी टीबी झाला होता का? सोबतचा मित्र म्हणाला, “‘नाय’ लिही. जुनं कशाला उकरतो?” मी ‘होय’ लिहिले. पुण्याला छातीचा फोटो निघाला आणि उजव्या फुप्फुसावर वरच्या बाजूला डाग दिसला. तिथल्या डॉक्टरांनी शांतपणे समजावले की डाग जुना आहे की आजार अजून आत आहे, हे नुसत्या फोटोवरून कळत नाही. लागोपाठ तीन सकाळी थुंकीचे नमुने द्यायचे. त्यात जंतू वाढतात का ते पाहायला दोन महिने लागतात. नमुने आमच्याच शहरातल्या एका केंद्रात द्यायची सोय त्यांनी करून दिली. कंपनी दिवाळीपर्यंत थांबायला तयार होती. म्हणजे हातात वेळ होता, पण एखादा आठवडा वाया घालवण्याइतका नव्हता.

पहिल्या सकाळी केंद्राच्या मागच्या उघड्या गॅलरीत उभा राहून मी डबीत थुंकलो. सांगितलेच होते तसे: थुंकी. तिथल्या माणसाने डबी उजेडात धरली आणि म्हणाला, “साहेब, ही लाळ आहे. आम्ही थुंकी म्हणतो, पण पाहिजे असतो तो बेडका. छातीतला.” नमुना बाद झाला. मी परत प्रयत्न केला. काहीच येईना. बऱ्या झालेल्या माणसाच्या छातीत बेडका असेल कुठून? शिवाय दुसरी एक अडचण होती, जी मी कोणालाही सांगितली नव्हती. आमच्याकडे वडीलमाणसे सकाळी अंगणात असे खाकरतात की शेजारच्या गल्लीला कळावे. शहरात शिकायला आल्यावर मी ती सवय निश्चयाने मोडली होती. चार लोकांत खाकरायचे म्हटले की माझा घसाच बंद व्हायचा.

त्या दिवशी शनिवार होता. मी मोटरसायकल काढून खुलताबादला गेलो. भद्रा मारुती झोपलेला मारुती आहे, उताणा पहुडलेला. त्याच्यापुढे हात जोडले आणि काय मागावे ते सुचेना. मनात एकच शब्द होता, बेडका, आणि देवापुढे तो मनातल्या मनातही उच्चारवेना. देवाला हार वाहावा, शेंदूर वाहावा. बेडका कसा मागावा? शेवटी ‘सगळे ठीक होऊ दे’ असे गुळगुळीत काहीतरी म्हणून निघालो. आपण अर्जात खरे लिहिले आणि देवापुढे खोटे बोललो, असे परतताना घाटात वाटत राहिले. खरा देव असेल तर त्याला कळेलच, आणि नसेल तर हे सगळे कशाला, असाही विचार आला. तरी सकाळी उठून केंद्रात जायचेच, हे पक्के होते; नमुने रविवारीही घेत.

दुसऱ्या दिवशी गॅलरीतून मी पुन्हा रिकाम्या हाताने परतलो आणि बाकावर बसलो. शेजारी बुरख्यातल्या एक बाई, त्यांच्या पलीकडे त्यांचे खोकणारे पती. त्यांचीही तपासणी होती. बाईंनी माझ्याकडे आणि माझ्या डबीकडे पाहिले.

“क्या रे बेटा, खालीच लाया?”

मी म्हटले, येत नाही. त्यांनी गाव विचारले. पिशोर म्हटल्यावर त्या खुलल्या, कारण पिशोरच्या बाजारात त्यांचे वडील बांगड्या विकायला जायचे. मग त्या मराठीवर आल्या. “तुमच्या गावचे लोक लई जोरात खाकरायचे, अब्बा सांगायचे. तू पिशोरचाच ना रे? का खोटं सांगतो?”

मला हसू आले. सगळ्यांसमोर लाज वाटते, असे मी कबूल केले. त्यावर त्या जे बोलल्या ते मला शब्दाशब्दाने आठवते.

“लोगां का छोड. ऊपरवाले के सामने काय की शरम? जिसने फेफडा बनाया, उसकू बलगम मालूम नहीं क्या?”

बलगम म्हणजे बेडकाच, माझा अडलेला शब्द. आदल्या दिवशी मारुतीपुढे लाजल्याचे मी आईलाही सांगितले नव्हते.

त्या तेवढ्यावर थांबल्या नाहीत. “गळ्यात काय शोधतो? पोटातून काढ. असं,” म्हणून त्या उभ्या राहिल्या, खोल श्वास घेतला आणि असे काही खाकरल्या की नमुने घेणारा माणूस काचेआडून बाहेर डोकावला. त्यांचे पती खोकता खोकता म्हणाले, “घर में भी ऐसीच है.” मी पोट धरून हसलो, हसता हसता खोकला लागला, आणि तसाच गॅलरीत पळालो. आत कुठेतरी काहीतरी सुटले. डबीत पाहिले. तो बेडका होता. मी तिथेच हात जोडले. डबी हातातच होती.

पुढच्या दोन्ही सकाळी मी न लाजता खाकरलो. खाला तिथे नव्हत्या. दोन महिन्यांनी अहवाल आला: जंतू नाहीत. व्हिसा मिळाला. निघण्याआधी गुलमंडीत गेलो तर दुकानात त्यांचे जावई होते. चाचांना, म्हणजे खालांच्या पतींना, टीबी निघाला होता आणि खाला त्यांना घेऊन जालन्याला दुसऱ्या लेकीकडे गेल्या होत्या. मी जालन्याचा पत्ता घेतला.

देवाला शरण जायचे म्हणजे स्वच्छ कपडे घालून चांगले चांगले बोलायचे, असे मी समजत होतो. आहे ते आहे तसे त्याच्यापुढे ठेवायचे, हे मला त्या बाकावर कळले. इथे न्यूझीलंडला आल्यावर मी खालांना पाठवलेले पत्र असे:

“नसीमखालांना सलाम. मी पिशोरचा, तपासणीच्या बाकावरचा. तुमच्यामुळे मी इथे पोहोचलो. चाचांच्या तब्येतीचे जावयांकडून कळले. काळजी करू नका, हा आजार बरा होतो, मी झालो. पण एक ऐका. चाचांना एव्हाना बरे वाटू लागले असेल आणि ते म्हणतील, आता गोळ्या बास. तेव्हा अजिबात ऐकू नका. डॉक्टर सांगतील तोपर्यंत रोज तुमच्या डोळ्यांसमोर गोळी घ्यायला लावा. माझ्या आईने तसेच केले होते. मी तेव्हा तिच्यावर चिडायचो. चाचाही चिडतील, चिडू द्या. आईने भद्रा मारुतीला चाचांच्या नावाने नारळ फोडला आहे. तुम्हाला विचारायला हवे होते, हे तिला नंतर सुचले. ती पुढच्या आठवड्यात प्रसाद घेऊन जालन्याला येते आहे. तुमच्याकडे चालत नसेल तर तिला मोकळेपणाने सांगा. ती रागावणार नाही, चहा पिऊन आणि चाचांना गोळी घ्यायला लावूनच उठेल.”