शेजारची सीट

माझे श्रीपादकाका तसे चारचौघांसारखेच. रायपूरच्या गुढियारीत ट्रकच्या बेअरिंगचं दुकान, चौबे कॉलोनीत आमच्या घराला लागून घर, रविवारी दुपारी पंख्याखाली झोप. त्यांच्याबद्दल वेगळं सांगण्यासारखं एकच होतं, ती त्यांची गाडी. लाल माझदा, दोनच सीटची, कापडी छप्पर मागे घडी करता येणारी. नैरोबीहून परतलेल्या एका व्यापाऱ्यानं ती सोबत आणली आणि इथल्या गतिरोधकांना कंटाळून गोदामात टाकून दिली होती. काकांनी ती घेतली तेव्हा मी शाळेत होते. त्याच वर्षी विजयाकाकूला मुलगा झाला आणि जन्मताच गेला. पुढे मूल झालं नाही.

"दोनच माणसं घरात. दोन सीटची गाडी पुरते," कोणी विचारलं की काका म्हणत, आणि विषय तिथेच संपे.

गाडीचं करणं सोपं नव्हतं. छप्पर फाटलं तेव्हा गुढियारीत ट्रकवर टाकायची तिरपाल शिवणाऱ्यानं नवं शिवून दिलं. ते पहिल्या पावसापासून गळलं ते गळलंच. मागची प्लास्टिकची खिडकी पिवळी पडत पडत पार धुरकट झाली. झाकणाखालून वर येणाऱ्या दिव्यांपैकी डावा मधूनच वर यायचा नाही, मग काका चौकात उतरून त्याला हातानं उचलत. काकू मात्र त्या गाडीत कधी बसली नाही. जमिनीला घासत गेल्यासारखं वाटतं, म्हणायची.

पहिल्यांदा काय झालं ते काकांनी घरी हसत हसत सांगितलं होतं. जयस्तंभ चौकात ट्रॅफिक हवालदारानं त्यांना बाजूला घेतलं. "भैया, बच्चे को सीट पर खड़ा मत करो. ब्रेक मारोगे तो सीधा बाहर जाएगा." काकांनी शेजारी पाहिलं. सीट रिकामी होती. उन्हानं डोकं फिरलं असेल त्याचं, म्हणून आम्ही सगळे हसलो. काकू हसली नाही.

मग असं अधूनमधून होऊ लागलं. बर्फाचा गोळा विकणाऱ्यानं न मागता दोन गोळे आणून दिले. दुकानाशेजारचा हमाल म्हणाला, "लड़का बड़ा हो गया, भैया." ज्यांची एकमेकांशी ओळखदेख नाही अशी माणसं सांगत होती, आणि सगळ्यांचं जुळत होतं. सावळा, शांत, कोपर दारावर टेकवून बसलेला. दर खेपेला आधीपेक्षा थोडा मोठा. काकांना स्वतःला मात्र कधीच काही दिसलं नाही.

काकू सुरुवातीला चिडायची. "काहून ऐकून घेता तुम्ही असं? लोकं मजा घेऊन राहिले आपली." एकदा पंडरीच्या बाजारात ती कापड घ्यायला गेली होती. काका मागून गाडी घेऊन आले आणि दुकानात शिरले. दुकानदार काकूला म्हणाला, "दीदी, बेटे को भी अंदर बुला लो. बाहर धूप में बैठा है."

काकूनं दाराकडे पाहिलंसुद्धा नाही. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "कितना बड़ा लगता है आपको?"

दुकानदारानं आपल्या खांद्याशी हात लावला. काकूनं त्या मापाचं निळ्या चौकड्यांचं शर्टाचं कापड फाडून घेतलं. घरी मात्र ती रिक्षानंच आली, असं काकांनी मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं.

त्यानंतर ती चिडेनाशी झाली. काका दुकानातून आले की पाणी देताना हळूच विचारायची, "आज कोणी काही म्हटलं?"

मी त्या गाडीत बसले ती कॉलेज संपल्यावर. काकांनी एका दुपारी मला नवा रायपूरला फिरायला नेलं. तिथले रस्ते इतके रुंद आणि मोकळे, की भर दुपारी सिग्नल नुसते आपापले लाल-हिरवे होत असतात आणि थांबायला कोणी नसतं. छप्पर उघडं होतं. सीट फार मागे होती, माझे पाय समोर टेकेनात, म्हणून मी खालची दांडी ओढून ती पुढे घेतली. तलावापाशी उतरून आम्ही दोघं पाणी पाहत उभे राहिलो. आसपास माणूस नव्हतं, कुत्रंही नव्हतं. परत आलो तर सीट पुन्हा मागे, शेवटच्या खाचेला.

मी दांडीला हात घातला. काका म्हणाले, "राहू दे, गंधाली. त्याले पाय लांब करायला जागा लागते."

इतक्या सहज म्हणाले, की मी दांडीवरचा हात काढून घेतला. परतीच्या सगळ्या वाटेवर मी दाराला चिकटून बसले. माझे पाय अधांतरी होते.

गेल्या वर्षी काकांचे गुडघे गेले. त्या खोलगट गाडीतून त्यांना उठता येईना. नागपूरच्या यशदीप नावाच्या तरुणाला अशा जुन्या गाड्यांचं वेड होतं. त्यानं गाडी पाहिली आणि तो घेऊन जायला तयार झाला. तो न्यायला आला त्या सकाळी काकू अंगणात आली. तिनं गाडीचं डावं दार उघडलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, आणि धरून उभी राहिली.

"चल, उतर बाळा," ती म्हणाली. "बाबा आता गाडी चालवत नाही. घरी चल."

यशदीपनं माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. काकू बराच वेळ तशीच उभी होती, एखाद्याला उतरायला वेळ लागावा तशी. मग तिनं हळूच दार लावलं, घरात गेली आणि वरच्या खोलीच्या जिन्यातला दिवा लावला.

संध्याकाळी यशदीपचा फोन आला. गाडी छान चालली, म्हणाला. फक्त राजनांदगावच्या पुढे पहिला जोराचा ब्रेक लागला तेव्हा शेजारची सीट सरकन पुढे येऊन आदळली. "मागे काहीतरी अडकलेलं असावं, ते सुटलं," तो म्हणाला. काका "हो, हो" म्हणाले आणि फोन ठेवला.

त्यानंतर गाडीबद्दल कोणी काही विचारलं नाही. पण महिन्याभरानं दूधवाला पैसे घ्यायला आला तेव्हा म्हणाला, सकाळचं दूध तर रोज छोटे भैयाच घेतात. काका पहाटे उठत नाहीत. काकू वरच्या खोलीत रोज गादी झटकते, खिडकी उघडते. काका आता वर जात नाहीत, गुडघ्यांमुळे, पण जेवायला बसण्याआधी जिन्याकडे तोंड करून थोडं थांबतात.

दिवाळीला मी काकांकडे गेले होते. समोर नवीन भाडेकरू आलेत, त्यांची सून फाटकाशी उभी होती. "दीदी, ऊपर वाले भैया आपके भाई हैं क्या? बोलते ही नहीं किसी से."

मी वर पाहिलं. खिडकी उघडी होती, पडदा हलत होता. मला काही दिसलं नाही.

"हव," मी म्हणाले. "पहले से ही कम बोलता है."