आबांच्या बोटांचे ठसे

सांगलीहून गावाकडे जाताना एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईशीही मी घडाघडा बोलते. मुलांच्या परीक्षा, गुडघेदुखी, सगळं. हे तेवढं आजवर कुणाजवळ बोललेली नाही. आईजवळ नाही, नवऱ्याजवळ नाही. तुमच्याजवळ का बोलते आहे, तेही नीटसं सांगता येणार नाही.

जॉर्जिया नावाचा देश तुम्हाला माहीत आहे? युरोप संपतो आणि आशिया सुरू होतो — की उलट? — तिथे, डोंगरांच्या कुशीत तो आहे. मी कॉलेजात शिकवते. तीन वर्षांपूर्वी आम्ही चार मैत्रिणींनी सुट्टीत तिकडे जायचं ठरवलं. घरी गेले तेव्हा मी आबांना, माझ्या वडिलांना, फोनवर तिथला एक व्हिडिओ दाखवला. धुकं, उभा डोंगर आणि त्यावरून खाली ओघळणाऱ्या मेंढ्या — कळशीतून दूध सांडावं तशा.

आबा मेंढपाळ. आटपाडीच्या पलीकडच्या कोरड्या माळावरचे. उभा जन्म दिवाळी झाली की कळप घेऊन कोकणच्या वाटेला लागले आणि पावसाच्या तोंडावर परतले. त्या चालण्यावर मी शिकले. आमच्या घरातली पहिली पदवी माझी. साताऱ्याच्या वसतिगृहात मला सोडताना त्यांनी एवढंच मागितलं होतं — जे शिकशील ते मला सांगत जा. मी सांगत गेले. मी सांगितलेलं ते खरंच मानत गेले.

व्हिडिओ त्यांनी तीनदा पाहिला. मग विचारलं, "लांडगं हाईत का तिकडं?"

"आहेत म्हणे."

"मग खरं मेंढपाळ हाईत ती!" आणि जरा वेळाने, "इथनं किती मुक्काम?"

मी म्हणाले, आबा, चला माझ्याबरोबर.

पुढचे दोन महिने — कसे सांगू? — आमच्या अंगणात तो देश उतरला होता. आबांनी खडे मांडले. हा मोठा आटपाडी, हा मुंबई, मग समुद्र म्हणून राखेचा पट्टा, आणि पलीकडे एक चिमुकला पांढरा खडा. संध्याकाळी त्या खड्याकडे बघत ते बसून राहायचे. तिकडच्या मेंढ्यांची लोकर कशी असेल? कुत्री कळपाच्या पुढं चालतात की मागं? मी वाचून वाचून सांगायचे. तिथल्या कुण्या मेंढपाळाला द्यायला म्हणून त्यांनी घोंगडं विणून घेतलं, आपल्याच लोकरीचं. पासपोर्टसाठी गेलो तेव्हा त्यांच्या बोटांचे ठसे यंत्रावर उमटेनात. तिथल्या मुलीने ओल्या फडक्याने पुन्हा पुन्हा पुसून कसेबसे घेतले. पण घेतले. पासपोर्ट आला.

मग एका रविवारी आबांना घेऊन मी सांगलीतल्या विश्रामबागेत एका मैत्रिणीच्या घरी गेले, सगळ्याजणी मिळून सगळं नक्की करायला. आबांनी उत्साहात घोंगडं उलगडून तिच्या सोफ्यावर पसरलं. एसीच्या बंद खोलीत लोकरीचा वास भरला. त्या वासात मी वाढले. एकीने हळूच खुर्ची मागे घेतली. दुसरी म्हणाली, "काकांना एवढं झेपेल ना गं?" कुणीही त्यांना आणू नकोस म्हटलं नाही. हे मला मुद्दाम सांगायचं आहे. कुणीही म्हटलं नाही.

मी एकटीनेच आबांकडे त्या तिघींच्या नजरेने पाहिलं. विमानतळावर ते मोठ्याने बोलतील, हॉटेलात खाली मांडी घालून बसतील, आणि तीन बायका माझ्याकडे बघतील — हे सगळं मला तिथल्या तिथे दिसलं.

व्हिसाचे अर्ज ऑनलाइन भरायचे होते. मी माझा भरला. आबांचा भरलाच नाही.

आणि त्यांना काय सांगितलं? की तुमचे ठसे उमटले नाहीत, म्हणून त्या देशाने अर्ज परत पाठवला. त्या अर्जाला ठसे लागतच नाहीत हो. पण आबांना ते कोण सांगणार? जे शिकले ते सांगणारी मीच होते ना?

त्यांनी आपले हात उलटेपालटे करून पाहिले. "व्हय. कातरीनं खाल्ली ही बोटं," म्हणाले. "लोकर कातरून कातरून घासली. तुझी चूक न्हाई त्यात." मग घोंगड्याची घडी माझ्या हातात दिली. "तू जा. ह्ये तेवढं त्याला दे."

मी गेले. दिलं. डोंगराच्या पायथ्याशी कळपाबरोबर येणाऱ्या एका म्हाताऱ्याने ते घेतलं, उलगडलं, नाकाला लावून डोळे मिटले. मग हसून माझ्यामागे कुणी येतंय का, म्हणून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. त्याच्या मेंढ्या धुक्यातून उतरतच होत्या. मी फोटोही काढला नाही.

परत आले त्या आठवड्यात आई म्हणाली, हे रोज संध्याकाळी बोटांना खोबरेल चोळत बसतात. मला वाटलं, थंडीने फुटली असतील.

तीन वर्षं चोळतायत.

गेल्या रविवारी गावी गेले होते. आबांनी मला अंगणात बोलावलं. स्टीलचा पेला पुसून घेतला, त्यावर उजवा अंगठा दाबला आणि पेला उन्हाकडे धरला. "बघ की पोरी. रेघा दिसाय लागल्यात."

मी पाहिलं. तेलाच्या बारीक रेघा, गोल गोल, एकात एक.

"दिसतात," मी म्हणाले.

"डाव्याचं अजून जरा ऱ्हायलंय," आबा म्हणाले. "फुडल्या सालापतोर व्हईल. तवा भर अर्ज."

मी त्यांच्या हातून पेला घेतला, मोरीत नेला आणि घासून धुतला.