दोनशे चौदा कुणाला द्यायचा

आमचं कॉल सेंटर सात रस्ता चौकाच्या पुढे, एका टॉवेलच्या शोरूमच्या वरच्या मजल्यावर होतं. शेतातल्या सोलर पंपांच्या तक्रारी आम्ही घ्यायचो. मी आधी तिथं फोनवरच बसायचे, पुढे फोनची सिस्टीम माझ्याकडे आली. नवीन मुलगी लागली की तिला एक्स्टेन्शन नंबर द्यायचा, कुणी सोडून गेली की तिचा नंबर दुसरीला द्यायचा, हे माझं काम. तक्रार नोंदवली की ग्राहकाच्या मोबाईलवर मेसेज जायचा आणि त्यात ती नोंदवणाऱ्या मुलीचा एक्स्टेन्शन असायचा. पुढच्या वेळी फोन करून तो दाबला की कॉल थेट तिच्याकडेच.

दोनशे चौदा नंबर मंद्रूप गावच्या मुलीकडे होता. रोज एसटीनं यायची. बोलणं गोड, आणि काम इतकं नेटकं की तिच्या ग्राहकाला परत फोन करायची वेळ सहसा येत नसे. एका दुपारी ती माझ्या टेबलाजवळ येऊन नुसतीच उभी राहिली.

"ताई, मला नंबर बदलून द्या की."

"का गं? काय झालं?"

"एक माणूस हाय. पंपाची तक्रार कायबी न्हाय त्याची. रोज लावतो. लई घाण बोलतो."

"मग कट करायचा."

"कट करायची परवानगी कुटं हाय आपल्याला?"

खरंच नव्हती. ग्राहकानं ठेवल्याशिवाय मुलीनं फोन ठेवला की तिचे गुण कापले जायचे. हा नियम मी स्वतः कित्येक वर्षं पाळला होता, पण तिच्या तोंडून ऐकला तेव्हा पहिल्यांदा माझं डोकं फिरलं.

तिला घेऊन मी मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले. त्या माणसाचा नंबर ब्लॉक करा म्हणाले. ते म्हणाले, तो पैसे भरणारा ग्राहक आहे, ब्लॉक करायला पुण्याच्या ऑफिसची परवानगी लागते. मग तिच्याकडे वळून विचारलं, "पण नक्की बोलतो काय तो?"

ती फरशीकडे बघत राहिली. "सांगितल्याशिवाय मी वर काय कळवू?" असं म्हणून त्यांनी विषय संपवला.

त्याच दिवशी मी तिला दुसरा नंबर दिला. दोनशे चौदा बंदच करणार होते, पण मॅनेजर सरांनी अडवलं. तो नंबर शेकडो ग्राहकांच्या मेसेजमध्ये गेलाय, तो चालूच राहिला पाहिजे, सोमवारी मोहोळची नवीन मुलगी येतेय तिला दे, म्हणाले.

"म्हणजे तो माणूस आता तिच्या वाट्याला?"

"मॅडम, तुम्ही फार मनावर घेता."

"मग तोवर तुम्हीच घ्या, सर. तुमच्याच टेबलावर जोडते."

ते हसले. "जोडा. बघू तरी कोण वाघ आहे."

मी जोडला. पण त्या माणसाला अक्कल होती. पुरुषाचा आवाज आला की तो एक शब्द न बोलता फोन ठेवायचा. शनिवारी सरांनी मला बोलावलं. तक्रार मांडणारी हीच म्हणून मंद्रूपची मुलगीही माझ्याबरोबर आली. सर खुशीत होते.

"दोन-चार ब्लँक कॉल, बाकी काही नाही. मुली वाढवून सांगतात. सोमवारी नंबर नवीन मुलीला द्यायचा."

मी बोलायला तोंड उघडलं तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. सरांचा हात पोचायच्या आत त्या मुलीनं स्पीकरचं बटण दाबलं.

"नमस्कार, मी आपली काय मदत करू शकते?" रोजच्याच सुरात म्हणाली.

"कुठं होतीस इतके दिवस?" पलीकडून आवाज आला आणि तो सुरू झाला. तो काय बोलला ते मी इथं लिहिणार नाही. केबिनचं दार उघडं होतं. बाहेरच्या मुलींनी एकेक करत हेडसेट खाली केले. सरांचा चेहरा उतरला, त्यांनी फोनकडे हात नेला. मुलीनं फोन आपल्याकडे ओढला.

"थांबा की सर. कट करायची परवानगी न्हाय."

तिचा आवाज स्थिर होता. शेवटी मीच बटण दाबून कॉल तोडला.

"अहो, आधी सांगायचं ना इतकं आहे म्हणून," सर पुटपुटले.

"सांगितलं नव्हतं?" मी ओरडले. मला स्वतःचाच आवाज ओळखू येईना. "कुठल्या भाषेत सांगायचं होतं? त्याचे शब्द हिच्या तोंडून ऐकायचे होते तुम्हाला? त्याशिवाय खरं वाटत नव्हतं?"

त्यांनी पुण्याला फोन लावला. परवानगी त्या एका फोनवर मिळाली. नंबर ब्लॉक करायला मला चहा निवण्याइतकाही वेळ लागला नाही. एवढ्याशा कामासाठी ती पोरगी रोज एसटीत जीव मुठीत धरून येत होती! मी पोलिसांत जाऊ म्हटलं, तर ती माझा हात धरून म्हणाली, "नको ताई. घरी कळलं तर त्याचा फोन न्हाय, माझी नोकरी बंद हुईल." त्याचाच मला सगळ्यात जास्त संताप आला.

पुढच्या महिन्यात पुण्याचे मोठे साहेब आले. मुली घाणेरडा कॉल कट करू शकतील, असा नवा नियम त्यांनी जाहीर केला. मॅनेजरांनी स्वतः पुढाकार घेऊन हा विषय धसाला लावला म्हणून त्यांना पुष्पगुच्छ दिला. टाळ्या वाजल्या. मी उठले आणि म्हणाले, "साहेब, पुढाकार या मुलीचा आहे. सरांनी दोनशे चौदा नवीन मुलीच्या गळ्यात घालायला सांगितलं होतं."

साहेबांनी घड्याळ बघितलं आणि पुढचा विषय घेतला. त्या वर्षी माझ्या कामाच्या वार्षिक शेऱ्यात 'स्वभाव तापट' असं लिहून आलं. मी खाली सही केली. खोटं काय होतं त्यात?

मंद्रूपची मुलगी अजून तिथंच आहे. त्या मीटिंगनंतर काही दिवसांनी जिन्यात भेटली तेव्हा म्हणाली, "ताई, आज सकाळी एकाचा कट केला." आणि पायऱ्या उतरून बस गाठायला पळाली.