कांद्याचा आळ

चकलांब्याच्या बायका दगडाबाईला विहिरीवर पुढं होऊ देत नसत. पोटची पोर कांद्यापायी मारली म्हणे! निजामाच्या अमदानीत गावाला दुसरी दुःखं कमी होती की काय, कोण जाणे.

झालं होतं असं. दगडाबाई आणि तिचा नवरा म्हाळू, मेंढरांमागं फिरणारे धनगर. त्यांच्या तारीच्या पायात बाभळीचा काटा मोडला, पाय सुजला, पू धरला. पोरीला पाठुंगळी घेऊन म्हाळू बीडच्या दवाखान्याला निघाला, तर जमीनदार अर्जुनराव आडवे आले. त्यांनी हैदराबादेहून होमिओपॅथीच्या गोळ्यांची पेटी आणली होती. पडसंखोकल्याला देत होते तोवर ठीक होतं. पण गाव त्या पेटीलाच हळदकुंकू वाहू लागलं आणि मालकांच्या डोक्यात वारं शिरलं.

"बीडला कावून जातो बे? पाय कापतील तिचा. ह्या गोळ्या दे. फकस्त कांदा, हिंग, उग्र वासाचं काही नको."

पाय चिरून पू काढायचा सोडून पोरीला गोड गोळ्या चघळवल्या. तारी तापानं फणफणली आणि मेली. मालक पालावर आले आणि त्यांनी चूल हुंगली.

"कांदा हाय इथं. तुमी पथ्य मोडलं, औषधाचा काय दोष?"

धनगराच्या भाकरीवर कांद्यावाचून दुसरं असतं काय! पण गावाच्या लेखी औषध म्हणजे नवस. मोडला की कोप ठरलेला. शेजारची केसरबाई तर दगडाबाईची सावली टाळू लागली. दगडाबाईनं कांदा सोडला तो सोडलाच. आपल्याच हातून तर पोर गेली नसेल? हा किडा तिलाही पोखरत होता, आणि तो डोक्यात घालणाऱ्या माणसाचा तिला सूड हवा होता.

दोन वर्षांनी अर्जुनरावांच्या पाठीवर पुवानं भरलेली काळपुळी उठली. गावाला कळू नये म्हणून मालक भल्या पहाटे गाडीत पालथे पडून बीडला निघाले. खतासाठी त्यांच्याच रानात दगडाबाईची मेंढरं बसवलेली होती. गाडी दिसताच तिनं सगळा कळप अरुंद पांदीत घातला. गाडी अडली. रानात निघालेली माणसं जमली.

"मालक, बीडला कावून? पेटीतल्या गोळ्या सरल्या का घरात कांदा शिजला?" दगडाबाईनं विचारलं.

"सटवा, हाकल बे मेंढरं!" गाडीवान सटवा उतरला, पण धनगरी कुत्री गुरगुरताच परत चढला.

"माजी तारी कशानं मेली ते मोठ्यांदा सांगा. मग वाट मिळंल."

म्हाळू घाबरला. "जाऊ दे गं, मरंल त्यो."

"मरू द्या," दगडाबाई म्हणाली, आणि ते तिनं मनापासून म्हटलं.

उजाडलं, ऊन चढलं. शेवटी गाडीतून आवाज आला. "पुवानं मेली. गोळीनं पू निघत न्हाई."

"आन् कांदा?"

"कांद्यानं कोन मरतंय! मी तुमच्यावर खोटा आळ घेतला."

केसरबाईची मान खाली गेली. तिच्या फडक्यात न्याहारी होती. दगडाबाईनं त्यातला कांदा न विचारता उचलला, बुक्कीनं फोडला आणि पांदीच्या मधोमध बसली. गाडीत मालक कण्हत होते. ती एकेक पाकळी सावकाश खात राहिली, आणि शेवटची संपल्यावरच तिनं मेंढरांना शीळ घातली.